प्रवाळ, समुद्रफेन आणि भग्नास्थी : अभिमानापूर्वी अभ्यास हवा

गेल्या पावसाळ्यात आमच्या भागातील वैद्यांच्या मासिक बैठकीत एका ज्येष्ठ वैद्यबंधूंनी वृत्तपत्राचे एक कात्रण वाचून दाखविले. समुद्रातील प्रवाळापासून हाडातील पोकळी भरून काढणारा पदार्थ परदेशात तयार करतात, असा त्या बातमीचा आशय होता. वाचून होताच ते म्हणाले, "यात नवीन ते काय? प्रवाळभस्म तर आपण पिढ्यान्‌पिढ्या देत आलो आहोत." टाळ्या झाल्या. आम्हीही वाजविल्या. घरी परतताना मात्र आमच्याच चिकित्सालयातील एक रुग्ण डोळ्यांपुढे उभा राहिला आणि त्या टाळ्यांचा संकोच वाटू लागला. प्रस्तुत लेख त्या संकोचातून लिहिला आहे. त्यात कोणाचा अधिक्षेप करण्याचा हेतू नाही.

आम्ही सास्तूरचे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनानंतरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात किल्लारीप्रमाणेच आमचे गावही उद्ध्वस्त झाले. तेव्हा आम्ही शाळकरी वयाचे होतो. ज्या घरांना गाव भक्कम समजत असे, तीच घरे माणसांवर कोसळली. भिंती चांगल्या जाड होत्या, दगड अस्सल होता, वर मातीचे जड धाबे होते. परंतु भिंतीची आतली व बाहेरची बाजू एकमेकींशी बांधून ठेवणारे लांब आडवे दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. पुनर्वसनाच्या काळात अभियंत्यांनी हीच गोष्ट गावोगाव समजावून सांगितली. द्रव्य उत्तम असले तरी रचना नसेल तर आधार मिळत नाही, हा धडा आमच्या गावाने फार मोठी किंमत देऊन घेतला. अस्थिचिकित्सेचा विचार करताना तो आम्हांस वारंवार आठवतो.

अस्थी म्हणजे केवळ चुना नव्हे

झाडे जशी आतील साराच्या बळावर उभी राहतात, तसा देह अस्थींच्या बळावर उभा राहतो, असे सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात सांगितले आहे. देहधारण आणि मज्जेचे पोषण ही अस्थिधातूची कर्मे आपण महाविद्यालयात पाठ केली. ही कर्मे ज्या रचनेमुळे शक्य होतात, तिच्याकडे मात्र आपले लक्ष कमी असते. अस्थीचा सुमारे दोन तृतीयांश भाग खनिज असतो. उरलेल्या भागात मुख्यतः कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे तंतू आणि थोडे पाणी असते. खनिज काठिण्य देते, तंतू लवचीकपणा देतात. केवळ खनिज उरले तर अस्थी खडूसारखी मोडेल, केवळ तंतू उरले तर ती दोरीसारखी वाकेल. शिवाय अस्थी ही निर्जीव वस्तू नाही. तिच्यातील रक्तवाहिन्यांच्या आश्रयाने एक प्रकारच्या पेशी जुने अस्थिद्रव्य काढून टाकतात आणि दुसऱ्या प्रकारच्या पेशी नवे घालतात. हे काम जन्मभर चालू असते.

यामुळेच साधा अस्थिभग्न नीट बसवून स्थिर ठेवला की बहुधा आपोआप सांधतो. परंतु अपघातात हाडाचा तुकडाच नाहीसा झाला, अर्बुद काढताना मोठा भाग गेला किंवा पूयामुळे हाड कुजले, तर मधले अंतर शरीराला एकट्याने ओलांडता येत नाही. अशा वेळी शस्त्रचिकित्सक रुग्णाच्याच कटीच्या अस्थीतून तुकडे काढून तेथे भरतात. आजही हाच उपाय सर्वोत्तम मानला जातो, कारण त्यात रचना, जिवंत पेशी आणि वाढीस चालना देणारी द्रव्ये एकत्र मिळतात. परंतु कटीतून काढता येणारे हाड मर्यादित असते आणि काढलेल्या जागी वेदना राहू शकते. दुसरा मार्ग दात्याच्या अस्थीचा. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ पासून ऊतिपेढी असून तेथे दान मिळालेल्या ऊती किरणोत्साराने निर्जंतुक करून पुरविल्या जातात. तिसरा मार्ग म्हणजे कृत्रिम आधारजाळी, जिला शास्त्रीय परिभाषेत स्कॅफोल्ड म्हणतात.

इमारत बांधताना गवंडी उभे राहण्यासाठी परांची बांधतात. काम पूर्ण झाले की परांची उतरवितात. स्कॅफोल्डचे कार्य असेच आहे. ते हाड नव्हे. हाड बनविणाऱ्या पेशींना आणि रक्तवाहिन्यांना आत शिरून काम करता यावे, यासाठी दिलेला तो तात्पुरता आश्रय होय. नवे हाड तयार होत जाते तसे ते हळूहळू विरघळून जावे, अशी अपेक्षा असते. त्याची छिद्रे एकमेकांस जोडलेली असावी लागतात. छिद्राचा व्यास किमान शंभर मायक्रॉन असावा आणि रक्तवाहिन्या चांगल्या वाढण्यासाठी तीनशे मायक्रॉन किंवा अधिक असल्यास उत्तम, असे सामान्यतः मानले जाते.

आपल्याच कपाटातील द्रव्ये

अशी जाळी माणसाला हाताने घडविणे कठीण गेले, तेव्हा संशोधक निसर्गाकडे वळले. त्यांनी निवडलेली द्रव्ये पाहिली तर कोणाही वैद्याला आपले औषधाचे कपाट आठवेल.

पहिले द्रव्य प्रवाळ. १९७४ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील डेला रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्याने समुद्रातील दगडी प्रवाळ फॉस्फेटयुक्त द्रावणात उच्च दाब व उष्णता देऊन बदलून दाखविले. मूळच्या कॅल्शियम कार्बोनेटचे हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइट झाले, म्हणजे अस्थीतील खनिजाशी मिळतेजुळते द्रव्य तयार झाले. प्रवाळाची छिद्रमय घडण मात्र जशीच्या तशी राहिली. या पद्धतीने केलेले पदार्थ पुढे प्रत्यक्ष शस्त्रकर्मात वापरले गेले.

दुसरे समुद्रफेन. कर्णस्राव आणि नेत्ररोगात आपण ज्याचे चूर्ण वापरतो, ते माकुलाच्या जातीतील प्राण्याचे अंतःकवच होय. त्यात पातळ थर आणि त्यांना तोलणारे सूक्ष्म खांब असतात. नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग पोकळच असतो. २००५ च्या सुमारास युरोपातील संशोधकांनी यापासूनही अस्थीसाठी जाळी तयार केली. तिसरी शुक्ती. मोत्याच्या शिंपल्याच्या आतील चकाकत्या थराचा अस्थिजनक पेशींवर अनुकूल परिणाम होतो, हे पॅरिस येथील संशोधकांनी १९९० च्या दशकात दाखविले. चौथे कुक्कुटाण्डत्वक्‌, म्हणजे अंड्याचे कवच. त्यातील कॅल्शियमपासूनही हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइट बनविता येते.

पाचवे उदाहरण वनस्पतींचे. इटलीतील फाएन्झा येथील संशोधन संस्थेत अ‍ॅना टाम्पिएरी यांच्या गटाने वेताचे लाकूड टप्प्याटप्प्याने रूपांतरित करून हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइटची जाळी बनविली आणि २००९ मध्ये ते काम प्रसिद्ध केले. वेतातून रस वाहून नेणाऱ्या लांब नलिका आयत्या मिळतात आणि त्याच पुढे रक्तवाहिन्यांसाठी मार्ग ठरतात. सुश्रुतांची वृक्षसाराची उपमा येथे कोणाला आठवल्यावाचून राहणार नाही.

सहावे द्रव्य आमच्या अगदी जवळचे, रेशीम. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रेशमातील फायब्रोइन या प्रथिनापासून अस्थिपूरक जाळी करण्याचे काम झाले. त्यातूनच डॉ. अनुया निसळ व सहकाऱ्यांनी 'सेरिजेन मेडिप्रॉडक्ट्स' ही कंपनी उभारली. रेशमाच्या धाग्यावरील चिकट आवरण काढून टाकल्यावर उरणारे हे प्रथिन बळकट असते आणि शरीर ते सहन करते. धाराशिव, बीड, जालना या जिल्ह्यांत तुती लावून कोष काढणारे शेतकरी पुष्कळ आहेत. जालन्यात २०१८ मध्ये कोषांची खुली बाजारपेठही सुरू झाली. दुष्काळी मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या कोषाचा भग्नास्थीशी असा संबंध जुळू शकतो, ही गोष्ट आम्हांस त्या कात्रणापेक्षा अधिक अभिमानाची वाटते. सुश्रुतांनी व्रणबंधनाच्या द्रव्यांत कौशेयाचा उल्लेख केलेला आहेच.

मग प्रवाळभस्माचे काय ?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. प्रवाळ आपणही वापरतो आणि तेही वापरतात, एवढ्यावरून दोन्ही गोष्टी एक ठरतात काय? आमचे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे, आणि त्याचे कारण आपल्याच रसशास्त्रात आहे.

भस्म सिद्ध झाले हे आपण कशावरून ठरवितो? ते बोटांच्या रेषांत शिरले पाहिजे, म्हणजे रेखापूर्ण झाले पाहिजे. ते पाण्यावर तरंगले पाहिजे, म्हणजे वारितर झाले पाहिजे. मूळ द्रव्याचे स्वरूप पूर्णपणे नाहीसे होणे हीच भस्माची कसोटी होय. स्कॅफोल्डची कसोटी याच्या नेमकी उलट आहे. तेथे द्रव्य रासायनिक दृष्ट्या बदलले तरी चालते, परंतु रचना टिकली पाहिजे. आपण पुट देऊन किंवा पिष्टी घोटून जे मोडतो, तेच त्यांना हवे असते. शिवाय भस्म मुखावाटे जाते. आमाशयातील अम्लात ते विरघळते आणि त्यातील कॅल्शियम इतर आहारातील कॅल्शियमप्रमाणे रक्तात येते. प्रवाळाचा आकार घेऊन ते भग्नस्थानी पोहोचत नाही. प्रवाळभस्माचे स्वतःचे गुण व प्रयोग आहेत आणि आम्ही ते नित्य वापरतो. परंतु नडगीच्या हाडातील दोन बोटांची पोकळी प्रवाळभस्माने भरून येईल असे म्हणणे म्हणजे दगडाचा चुरा ओतून भिंत उभी राहील असे म्हणण्यासारखे आहे.

आणखी एक भेद औषधनिर्मात्यांनी ध्यानात घ्यावा. आपल्या औषधातील प्रवाळ म्हणजे भूमध्य समुद्रातील लाल प्रवाळ. स्कॅफोल्डसाठी वापरतात ते खडक बनविणारे छिद्रमय दगडी प्रवाळ. दोन्हींची जात भिन्न आहे. भारतीय समुद्रातील दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून संरक्षण आहे. तेव्हा बाजारात कोणी 'प्रवाळ' म्हणून काय विकत आहे, हे पाहूनच खरेदी करावी.

आमच्या हातून झालेली चूक

काही वर्षांपूर्वी चाळिशीच्या आतील एक शेतमजूर आमच्याकडे आले. दुचाकीच्या अपघातात त्यांच्या नडगीचे हाड मोडले होते, जखम उघडी होती. शस्त्रकर्म होऊन पट्टी बसविलेली होती. पुढील तपासणीसाठी शहरात जाण्याचे भाडे व बुडणारी मजुरी त्यांना परवडत नव्हती, म्हणून ते आमच्याकडे आले. आम्ही लाक्षादि गुग्गुळ, हाडजोडीचा स्वरस, दूध व तूप असा क्रम लावला. वेदना कमी झाल्या. रुग्ण समाधानी होते, आम्हीही होतो. पाच महिने आम्ही क्षकिरण चित्र काढविले नाही. जखमेच्या कडेला एक लहानसे छिद्र राहून त्यातून अधूनमधून पाणी येत होते, त्यावर आम्ही जात्यादि तेल लावीत राहिलो.

अखेर चित्र काढले तेव्हा हाडाच्या दोन टोकांत स्पष्ट अंतर होते आणि आत पूय होता. लातूरच्या एका अस्थिशल्यचिकित्सकांनी मृत हाड काढून जागा स्वच्छ केली, आधार बदलला आणि काही आठवड्यांनी कटीतील हाड व हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइटचे कण एकत्र करून पोकळी भरली. पुढील वर्षी तो माणूस काठीशिवाय चालू लागला. त्यांनी आम्हांस कधी दोष दिला नाही. परंतु पाच महिने आम्ही त्यांना चुकीच्या समाधानात ठेवले, हे आम्ही जाणतो. त्या घरातील पाच महिन्यांची मजुरी आमच्या अज्ञानापायी गेली.

त्या शस्त्रचिकित्सकांनी आम्हांस न रागावता एक वाक्य सांगितले, "वैद्यराज, तुमचे औषध चुकले नाही, तुमची वेळ चुकली." बैठकीत टाळ्या वाजवून आल्यावर आम्हांस आठवले ते हेच वाक्य.

आपले ते काय ?

यावर कोणी विचारील, मग भग्नचिकित्सेत आयुर्वेदाचे काहीच नाही काय? आमचे मत याच्या अगदी विरुद्ध आहे. २००७ मध्ये जिआनुडिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी अस्थिसंधानाचे चार आधार मांडले : अस्थिजनक पेशी, वाढीची द्रव्ये, आधारजाळी आणि यांत्रिक स्थैर्य. स्कॅफोल्ड हा चारांपैकी केवळ एक आहे. उरलेले तीन ठीक नसतील तर सर्वांत महाग जाळीही व्यर्थ ठरते. या उरलेल्या बाजूंचा विचार सुश्रुतसंहितेच्या भग्नचिकित्सा अध्यायात ज्या बारकाईने आढळतो, तो पाहून आजही मन थक्क होते.

वड, पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन यांच्या साली आणि बांबू यांच्या कुशा सांगून आचार्य थांबले नाहीत. बंध सैल असेल तर संधी स्थिर होत नाही आणि अति घट्ट असेल तर शोथ, वेदना व पाक होतो, हे त्यांनी बजावले. थंड ऋतूत सात दिवसांनी, साधारण ऋतूत पाच दिवसांनी आणि उष्ण ऋतूत तीन दिवसांनी बंध बदलण्यास सांगितले. बालवयात एक महिना, मध्यम वयात त्याच्या दुप्पट आणि उतारवयात तिप्पट काळ संधानास लागतो, असा कालनिर्देश केला. लवण, अम्ल, क्षार, रूक्ष अन्न, व्यायाम व ऊन वर्ज्य सांगितले. दूध, तूप व लाक्षा यांची योजना केली. वाकडे सांधलेले हाड पुन्हा मोडून सरळ बसविण्याचे धैर्यही दाखविले. रुग्णाला वारंवार पाहणे, ऋतू व वय लक्षात घेणे आणि चुकले असेल तर मान्य करून दुरुस्त करणे, हा त्या अध्यायाचा खरा उपदेश होय. आम्ही त्या शेतमजुराला लाक्षा दिली, परंतु हा उपदेश पाळला नाही.

औषधांचेही तसेच. हाडजोडीवर बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. उडुपा व डॉ. प्रसाद यांनी १९६० च्या दशकात प्रयोग करून भग्नसंधानावरील तिचा अनुकूल परिणाम नोंदविला. अलीकडे हाडजोडीचा अर्क कृत्रिम जाळीतच मिसळून पाहण्याचे प्रयोगही प्रयोगशाळांत झाले आहेत. आपल्या द्रव्यांना या क्षेत्रात स्थान आहे, परंतु ते मोजमापाने मिळवावे लागेल.

वैद्यबंधूंस व औषधनिर्मात्यांस विनंती

खेड्यातील वैद्याला भग्नाचा रुग्ण टाळता येत नाही, टाळूही नये. परंतु काही पथ्ये आपण स्वतःसाठी घालून घ्यावीत. सांधलेले दिसेपर्यंत ठरावीक काळाने क्षकिरण चित्र पाहावे, केवळ वेदनेच्या शमनावर विसंबू नये. व्रणातून स्राव चालू असेल, भग्नस्थानी अस्वाभाविक हालचाल असेल, किंवा लागोपाठच्या दोन चित्रांत फरक दिसत नसेल, तर त्या रुग्णास विलंब न करता अस्थिशल्यचिकित्सकाकडे पाठवावे. नऊ महिने उलटूनही सांधा न होणे आणि शेवटच्या तीन महिन्यांत प्रगती नसणे, अशी असंधानाची व्याख्या प्रचलित आहे. परंतु आपण नऊ महिने वाट पाहत बसावे असा तिचा अर्थ नव्हे.

शस्त्रकर्म होऊन परत आलेल्या रुग्णाची देखभाल मात्र आपणच उत्तम करू शकतो. आमच्या भागात स्त्रिया मिश्री लावतात, पुरुष तंबाखू खातात. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्ताशिवाय कोणतीही जाळी हाडाने भरत नाही. मिश्री सोडविणे हे काम शहरातील शस्त्रचिकित्सकापेक्षा घरोघरी ओळख असलेला वैद्य अधिक परिणामकारकपणे करतो. मधुमेहावर नियंत्रण, दूध, डाळी व पुरेसे प्रथिन, कोवळे ऊन, व्रणाची स्वच्छता, या सर्व गोष्टी आपल्या हातातील आहेत. तसेच हाड भरण्याचे काही पदार्थ गुरांच्या अस्थींपासून बनतात. रुग्णास याविषयी धार्मिक वा वैयक्तिक आक्षेप असू शकतो. शस्त्रकर्मापूर्वी तो प्रश्न विचारण्याचे धैर्य त्याला आपण द्यावे, पर्याय उपलब्ध असतात.

औषधनिर्मात्यांस एक स्पष्ट सांगणे आहे. शरीरात बसवावयाचा अस्थिपूरक पदार्थ हा वैद्यकीय उपकरण म्हणून २०१७ च्या नियमांखाली येतो. भस्म-गुग्गुळाच्या परवान्यावर तो बनविता वा विकता येत नाही. 'हाडाची पोकळी भरून काढणारे' असे शब्द प्रवाळयुक्त गोळीच्या वेष्टनावर छापणे म्हणजे रुग्णाची आणि शास्त्राचीही फसवणूक होय. त्याऐवजी लाक्षा शुद्ध असेल, तीत राळ मिसळलेली नसेल, हाडजोडी योग्य जातीची असेल, एवढे जरी निर्मात्यांनी पाहिले तरी वैद्यवर्ग त्यांचा ऋणी राहील.

आमची संघटनेसही एक सूचना आहे. प्रत्येक तालुक्यातील वैद्यांनी भग्नाच्या रुग्णांची एकसारखी नोंदवही ठेवावी. वय, भग्नाचा प्रकार, स्थिरीकरण, दिलेली औषधे, क्षकिरण चित्रांच्या तारखा आणि परिणाम, एवढेच रकाने पुरेत. अयशस्वी रुग्णांची नोंदही त्यात असावी. आमच्या उपरोक्त रुग्णाची नोंद आम्ही आमच्या वहीत पहिल्या पानावर केली आहे.

"हे आमच्याकडे पूर्वीच होते" या वाक्याने सभा जिंकता येते, परंतु रुग्णाचे हाड जुळत नाही. सुज्ञ वैद्यवर्गाने यावर साकल्याने विचार करावा, अशी नम्र विनंती आहे.